ब्रासचा हिशेब

कराड

चि. मनूस,


ठाण्याच्या मावशीकडून बातमी आली ती अशी: मनूने कॉलेज सोडलं, आता लंडनमध्येच कुठल्याशा संस्थेत फुकट राबणार आहे. आत्याने लगेच तुझ्या बाबांना फोन लावला. तेव्हा कळलं की कॉलेज सुटलेलं नाही, सुटायचंय ते अर्थशास्त्र. पहिल्या वर्षी संख्याशास्त्रात चाळिशीच्या काठावर कशीबशी तरलीस आणि आता ‘विकास अभ्यास आणि अर्थशास्त्र’ या जोडपदवीतलं दुसरं नाव गाळायचा अर्ज करणार आहेस म्हणे. मावशीची बातमी नेहमीप्रमाणे निम्मी खोटी निघाली, पण उरलेल्या निम्म्या खऱ्या बातमीने आत्याची झोप उडवली.

बाबा म्हणाले, ‘तिचं तिला ठरवू दे.’ तुझे बाबा आयुष्यभर काहीही न ठरवता निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. त्यांचा सल्ला फार मनावर घेऊ नकोस.

तुझं म्हणणं काय आहे ते आत्याला ठाऊक आहे. पाडव्याच्या फोनवर तासभर ऐकवलं होतंस. ट्रूमनने 1949 च्या भाषणात अर्ध्या जगाला मागास ठरवलं आणि तिथून विकासाचं दुकान सुरू झालं. एस्कोबार नावाच्या कोलंबियन विद्वानाने 1995 मध्ये त्यावर पुस्तक लिहून ते दुकान उघडं पाडलं. आकडे हे राज्य करणाऱ्यांचं हत्यार. आणि ज्या सोआसमध्ये तू शिकतेस तीसुद्धा 1916 मध्ये साम्राज्याचे अंमलदार तयार करायला काढलेली. सगळं खरं. आत्याने यातलं एकही वाक्य खोडलेलं नाही. पण हत्यार त्यांच्या हातात आहे म्हणून आपण ते शिकायचंच नाही, हा कुठला हिशेब? तो तुला अण्णाआजोबांनीसुद्धा करू दिला नसता.

अण्णांचं तू ऐकलंयस, पण पुरतं ऐकलेलं नाहीस. 72 च्या दुष्काळात ते रस्त्याच्या कामावर मस्टर लिहायला होते. सगळा गाव खडी फोडायला. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळायचा, त्याच्या भाकरीने पोट भरायचं पण मन नाही. पोरांना सुकडी. आत्या तेव्हा प्राथमिक शाळेत होती आणि सुकडीसाठी कामावर जायची, हे वहिनीला आवडत नाही म्हणून घरात कुणी बोलत नाही. फोडलेल्या खडीचा ढीग रचायचा, फूटपट्टीने लांबी-रुंदी-उंची घ्यायची, शंभर घनफूट भरले की एक ब्रास. मजुरी त्या ब्रासवर. दिवसभर घण घालून बायकांच्या हाताला फोड आलेत की नाहीत, हे मस्टरला विचारायची सोय नव्हती.

आता लक्ष देऊन वाच. खोदकामाची मजुरी नुसत्या खड्ड्याच्या मापावर ठरत नाही. माती होती, मऊ मुरूम होता, कठीण मुरूम होता की खडक, यावर दर बदलतो. माती किती लांब वाहून नेली, किती उंच चढवली, यावर बदलतो. ओव्हरसियरने ‘कठीण मुरूम’च्या जागी ‘मऊ मुरूम’ लिहिलं की आठवड्याच्या मजुरीला कात्री लागते, आणि अंगठा उठवणाऱ्या बाईला त्यातलं काही कळत नाही. अण्णा हे सगळं आपल्या वहीत वेगळं टिपून ठेवत: तारीख, टोळी, माप आणि जमीन खरोखर कसली होती ते. ती वही त्यांनी कुणाला दाखवली नाही, नोकरी होती. पण लिहिली. तुझ्या भाषेत सांगायचं तर सत्ता त्या मुरमाच्या रकान्यात बसलेली होती, आणि तिथे तिला गाठायचं तर मापाची पट्टी हातात धरता यायला हवी.

त्या दुष्काळाबद्दल तुझ्याच विषयातल्या ज्याँ द्रेझने लिहिलंय. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसं सरकारी कामांवर होती. पिकं बुडाली, गुरं गेली, पण माणसांची बंगालसारखी गत झाली नाही. अमर्त्य सेननी 1981 च्या पुस्तकात बंगालच्या 1943 च्या दुष्काळाबद्दल दाखवलं की धान्य नव्हतं म्हणून नव्हे, तर घ्यायला हातात काही नव्हतं म्हणून माणसं मेली. आपल्याकडे खडी फोडून का होईना, हातात चार पैसे पडत होते. रोजगार हमी योजनेमागे वि. स. पागे होते, 1965 मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यात त्यांनी ती कल्पना राबवून पाहिली, 1972 मध्ये योजना राज्यभर आली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. देशाचा कायदा यायला 2005 उजाडलं. आणि पैसा कुठून आला? 1975 मध्ये व्यवसाय कर लावला, नोकरदारांच्या पगारातून. तुझ्या आईच्या पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ना, तोच. मुंबईच्या कारकुनाने माणदेशातल्या मजुराची हमी घ्यायची, हा विचार कुणाला तरी आधी सुचावा लागला आणि मग कुणाला तरी कागदावर बेरीज-वजाबाकीत बसवावा लागला. तू म्हणतेस त्याप्रमाणे पहिलं काम विकास अभ्यासाचं आणि दुसरं अर्थशास्त्राचं. आत्याला ही वाटणीच पटत नाही.

पुन्हा तेच सांगतेय असं म्हणशील. म्हण.

पुण्यात गोखले संस्थेत दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये गरिबीवर लिहिलं. माणशी 2,250 उष्मांक मिळायला 1960-61 च्या किमतींनी महिन्याला खेड्यात 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात. तेवढेही ज्यांना जमत नाहीत असे खेड्यात 40 टक्के आणि शहरात निम्मे. 15 रुपये हा आकडा वाचून तुला राग येईल. यावा. त्यात औषध कुठेय, शाळा कुठेय, बाईच्या न मोजलेल्या कष्टांचं काय, हे तू विचारशीलच. पण तो आकडा होता म्हणून पुढची पन्नास वर्षं त्याच्याशी भांडता आलं. पांडुरंग सुखात्मे भांडलेच. सगळ्यांना एकच रेघ लावू नका, माणसामाणसाची गरज कमीजास्त असते आणि शरीर काही प्रमाणात जुळवून घेतं, असं त्यांचं म्हणणं. दांडेकरांनी ते मान्य केलं नाही. आत्याचं मन या वादात दांडेकरांकडे झुकतं. उपाशी शरीर जुळवून घेतं, हे ज्याला सोयीचं आहे त्याच्या तोंडी फार लवकर येतं. पण हे सुखात्मे कोण, ते बघ. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. तुझ्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून 1936 मध्ये संख्याशास्त्रात पीएच.डी. झालेले, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत वर्षानुवर्षं संख्याशास्त्र विभाग सांभाळलेले. दुष्काळी मुलखातलं पोर भूक मोजायची कशी हे शिकायला तिथे गेलं होतं. आणि तू त्याच गल्लीत राहून तोच पेपर टाकायला निघालीस!

दादाभाईंचंही तेच. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत होते. 1892 मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटवर निवडून आले, तो भाग तुला चालत गाठता येईल. त्याआधी त्यांनी काढलं होतं की हिंदुस्थानात माणशी वर्षाचं उत्पन्न 20 रुपये, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या जेवणाकपड्यांना याहून जास्त खर्च येतो. सरकारचेच अहवाल घेऊन सरकारवर उलटवलेले.

किंग हेन्रीज रोडवरच्या 10 नंबरच्या घरासमोरचा तुझा फोटो घरातल्या सगळ्यांनी पाहिला. छान आला होता, कोट मात्र पातळ वाटला. बाबासाहेब त्या घरात 1921-22 मध्ये राहिले, तेव्हा ते काय लिहीत होते? रुपयाबद्दलचा प्रबंध, चांदीच्या भावांच्या तक्त्यांनी भरलेला. 1918 मधला त्यांचा शेतीच्या लहान तुकड्यांवरचा लेख मिळवून वाच. तुकडा लहान की मोठा हे एकरांवर ठरत नाही. त्यावर किती भांडवल, किती अवजारं, किती माणसं यावर ठरतं, आणि शेतीवर बसलेल्या जादा माणसांना उद्योग मिळाल्याखेरीज तुकडे जोडून उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. तुझ्या दोन्ही विषयांपैकी हा लेख कुठल्या कपाटात ठेवशील?

इतकं तावातावाने का लिहितेय, तर त्याला जुनं कारण आहे. आत्या कॉलेजात असताना आपल्या तालुक्यात रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चालू होतं. मजुरी आठवडेच्या आठवडे थकलेली, मिळे तीही कापून. कॉलेजच्या पोरापोरींनी मोर्चा नेला. घोषणा आत्याने लिहिलेल्या, यमक जुळवून. साहेब बाहेर आले, शांतपणे म्हणाले, ‘कुठल्या आठवड्याचं मस्टर? माप किती लिहिलंय, तुमचं म्हणणं किती? दर कुठला लावायला हवा होता?’ कुणालाच सांगता आलं नाही. मागे शंभरेक बाया उन्हात बसलेल्या. साहेबांनी चौकशीचं आश्वासन दिलं, चहा पाजला. मजुरी पुढे कापलेल्या मापानेच मिळाली. अण्णा घरी वह्या बाळगून बसलेले होते, आणि मोर्चाच्या आदल्या रात्री त्यांना काही विचारावं हे डोक्यात आलं नाही. त्यांनीही नंतर एका शब्दाने ऐकवलं नाही. जेवताना फक्त म्हणाले, ‘तिथे मुरूम होता, खडकाला लागलेला.’

पुढच्या वर्षी अर्थशास्त्र घ्यायचं मनात होतं. गणिताला घाबरून मराठी घेतलं. मराठीने भरभरून दिलं, त्याची तक्रार नाही. बँकेत वर्षानुवर्षं पीककर्जाचे कागद हाताखालून गेले, त्यात काय दिसतंय ते दिसायचं. ते मांडायचं कसं तेवढं यायचं नाही. आत्याला हे तुझ्यावर लादायचं नाही. लादलं तर लादलं, आत्याच आहे.

रागावून झालं. आता कामाचं. चाळीस मार्क म्हणजे डोकं नाही असं नव्हे. बारावीला तू गणित सोडलं होतंस, आणि तिथली पोरं ते करून आलेली. सरावाच्या तासाला जातेस का? शिकवणाऱ्या बाईंना नेमकं कुठे अडतं ते एकदा समोर बसून सांग; फी भरली आहे, संकोच कसला. पुस्तकातली उदाहरणं ब्रिटनची असतील तर मन लागणार नाही, म्हणून आपली घे. आपल्या गावची खातेदारांची यादी बाबा तलाठ्याकडून आणून पाठवतील. सरासरी काढून बघ; सगळा गाव खाऊनपिऊन सुखी निघेल. मग खातेदार जमिनीप्रमाणे चढत्या क्रमाने लाव, निम्म्या माणसांच्या वाट्याला किती आली ते काढ, आणि त्यावरून गिनी गुणांक एकदा हाताने, कागदावर. संगणकाला नंतर विचार. ज्यांच्या नावावर जमीनच नाही ते त्या यादीत सापडणार नाहीत, त्यांचं काय करायचं हेही ठरव. एस्कोबार तिथे कामाला येईल.

आणि ऐक. मार्कांची धास्ती नसून दुसरंच काही असेल, म्हणजे एकटं वाटत असेल, वर्गात आपलं इंग्रजी कमी पडतं असं वाटत असेल, फीच्या कर्जाने रात्री घाबरायला होत असेल, तर ते सांग. कर्जाचं बाबा आणि आत्या बघून घेतील, ते तुझ्या डोक्यात ठेवूच नकोस. चुलतभावांपैकी कुणी काही बोललं असेल तर त्याचं नाव तेवढं कळव.

तिकडे येणाऱ्या मंडळींबरोबर मेतकूट, लसणाची चटणी आणि एक जाड स्वेटर पाठवलाय. स्वेटरचा रंग आवडणार नाही, आत घाल. अण्णांच्या दोन वह्याही पाठवल्यात. मूळच आहेत, झेरॉक्स काढायला दिल्या तर दुकानवाला पानं सुटी करील अशी भीती वाटली. एवढ्या लांब पाठवाव्यात की नको, यावर घरात भांडण झालं. आत्या जिंकली.

एवढं सगळं करूनही जमत नाही असं वाटलं तर सोड. खरंच सोड, घरात कुणी तोंड वाकडं करणार नाही. केलंच तर आत्या आहे. फक्त अर्जावर सही करायच्या आधी एक फोन कर. तुझे रात्रीचे बारा म्हणजे हल्ली इथले पहाटेचे साडेपाच, आत्या तेव्हा उठलेलीच असते. अर्थशास्त्राचं नाव नाही काढलंस तरी चालेल. जेवलीस का, काय जेवलीस, तेवढं सांग.

तुझी,
आत्या