शत्रूवर प्रीतीचा आरंभ
(शास्त्रपाठ : मत्तय ५:४३–४८, रोम. १०:८–१३)

शत्रूवर प्रीति करावी हें वचन आपणां सर्वांस पाठ आहे. परंतु आचरणास आरंभ कोठून करावा, हें पुष्कळांस उमगत नाहीं. म्हणून जेकब डीशेझर या अमेरिकन विमानसैनिकाची हकीकत आम्ही आपणांपुढें ठेवितों.

ता. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. ती बातमी ऐकून डीशेझर यांचें मन द्वेषानें भरून गेलें. ता. १८ एप्रिल १९४२ रोजीं १६ विमानांतून ८० जण जपानवर चालून गेले. त्यांत डीशेझर यांनीं नागोया शहरावर बाँब टाकिले. पुढें इंधन संपल्यामुळें ते चीनमध्यें हवाई छत्रीनें उतरले व जपान्यांच्या हातीं सांपडले. धरलेल्या ८ जणांपैकीं ३ जणांस गोळ्या घालण्यांत आल्या, एक जण आजारानें व उपासमारीनें मेला. डीशेझर यांनीं ४० महिने कैद भोगिली. त्यांपैकीं ३४ महिने एकांतकोठडींत.

१९४४ सालीं त्यांस सुमारें तीन आठवडे पवित्र शास्त्र वाचावयास मिळालें, आणि ता. ८ जून रोजीं त्यांनीं प्रभूचा स्वीकार केला. खरी परीक्षा पुढेंच होती. एका पहारेकऱ्यानें त्यांचा पाय कोठडीच्या दारांत चेंगरला व वर बुटाच्या लाथा मारिल्या. मनांत संताप उसळला. पण प्रभूची आज्ञा आठवली. दुसरे दिवशीं सकाळीं त्यांनीं त्याच पहारेकऱ्यास जपानी भाषेंत आदरानें अभिवादन केलें. असें कित्येक दिवस चाललें. शेवटीं तो बोलूं लागला, आणि एकदां त्यानें त्यांस उकडलेलें रताळें आणून दिलें.

१९४५ च्या ऑगस्टांत डीशेझर सुटले. शिक्षण घेऊन १९४८ च्या अखेरीस ते मिशनरी म्हणून जपानांत गेले. पर्ल हार्बरवरील विमानहल्ल्याचे पुढारी मित्सुओ फुचिदा यांच्या हातीं त्यांच्या साक्षीची पत्रिका पडली. पुढें शास्त्र वाचून तेही ख्रिस्ती झाले, व १९५० सालीं दोघे भेटले. १९५९ सालीं डीशेझर यांनीं नागोयांतच मंडळी स्थापिली. २००८ सालीं ते प्रभूमध्यें झोंपीं गेले.

वाचकहो, एवढ्या मोठ्या कार्याचा आरंभ एका सकाळच्या अभिवादनानें झाला. अंतःकरण निवळेपर्यंत ते थांबले नाहींत. आज्ञा आधीं पाळिली.

विचारार्थ प्रश्न :
१. पहारेकरी बदलला नसता, तर डीशेझर यांचें करणें व्यर्थ ठरलें असतें काय?
२. शेताच्या बांधावरून ज्याच्याशीं आपलें बोलणें तुटलें आहे, त्यास उद्यां आपण होऊन सलाम करूं काय?