डोकं मावलं की उंदीर बाहेर
पाळीव प्राणी : शंका-समाधान

न्यू जर्सीहून एक वाचक लिहितात : मुलीच्या हट्टापायी आम्ही ब्रीडरकडून बुटक्या जातीच्या उंदरांच्या दोन माद्या आणल्या. मैत्रिणीनं तिचा जुना, ऐसपैस पिंजरा दिला. त्यात तिचे मोठे उंदीर वर्षानुवर्षं सुखानं राहिले होते. आमची एक मादी मात्र पहिल्याच रात्री बाहेर आली आणि सकाळी पडद्यामागे सापडली. दार तर बंदच होतं. पिंजरा बदलून लहान घ्यावा का?

लहान पिंजरा मुळीच घेऊ नका. आधी पट्टी घेऊन गजांमधलं अंतर मोजा. उंदराचं छाती-पोट दबतं, कवटी दबत नाही. म्हणूनच जिथून डोकं जातं, तिथून मागचं सगळं अंग जातं. मैत्रिणीचे उंदीर चारशे-पाचशे ग्रॅमचे असतील, तर त्यांना एक इंचाची फट चालून गेली असेल. बुटक्या जातीचं पूर्ण वाढलेलं जनावर साधारण १०० ते १५० ग्रॅमचं. त्याच्यासाठी अर्ध्या इंचाच्या आतलीच फट हवी, आणि पिल्लं असतील तर त्याहूनही बारीक.

या उंदरांच्या शरीरात वाढीचं संप्रेरक फार कमी तयार होतं, म्हणून ते लहान राहतात. पण अंगातली रग, चढण्याची हौस, कुतूहल यांत काहीच कमी नसतं. उलट हलक्या अंगामुळे ते जास्त चपळ असतात आणि उड्याही लांब मारतात. तेव्हा फट लहान हवी, घर लहान नको. एका उंदराला किमान दोन घनफूट असा हिशेब धरतात. म्हणजे तुमच्या दोघींना दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट उंच एवढी जागा तरी हवीच. जागा असेल तर त्याच्या दुप्पट द्या, असंच मी प्रत्येकाला सांगतो.

तुमचा पिंजरा वाया जाणार नाही. पाव इंची छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी चारही बाजूंनी बाहेरून लावा आणि केबल टायनं घट्ट बांधा. टायची टोकं बाहेर राहू द्या, नाहीतर ती एका रात्रीत कुरतडली जातील. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी टाळा : ती लघवी शोषते, तिचा वास जात नाही आणि चावताना जस्त पोटात जातं. दाराच्या बिजागरीजवळची आणि कोपऱ्यातली फट तेवढी वेगळी तपासा. बहुतेक उंदीर तिथूनच निसटतात.

उंच पिंजऱ्यात मजल्यांच्या मधोमध कापडी झोळ्या टांगा. पाय निसटला तरी उंदीर झोळीत पडेल.

पुण्याहून एक वाचक : दुकानदारानं ‘ड्वार्फ रॅट’ म्हणून एक नर दिला, सोबत लव्हबर्डचा पिंजरा. तळाला तारेची जाळी आहे, त्याखाली सरकता ट्रे. सफाई सोपी पडते. हे ठीक आहे ना?

आधी तो खरंच बुटका आहे का ते पाहा. नेहमीच्या जातीचं सहा आठवड्यांचं पिल्लूही एवढंच दिसतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा आणि वहीत लिहा. चार-पाच महिन्यांचा झाल्यावर अडीचशे ग्रॅमच्या पुढे गेला, तर तो साधा उंदीर आहे. त्यानं काही बिघडत नाही, फक्त जागेचा हिशेब मोठ्या अंगाचा ठेवा.

पिंजरा मात्र बदला. पक्ष्यांच्या पिंजऱ्याचं दार वर सरकतं आणि उंदीर ते नाकानं सहज उचलतो. तूर्त त्याला मजबूत क्लिप लावा. तारेच्या तळावर सतत चालून तळपायाला फोड येतात, ते चिघळतात आणि बरे व्हायला महिने लागतात. त्यावर आजच जाड सुती कापड अंथरा. नव्या पिंजऱ्याला सपाट, खोलगट ट्रे असू द्या आणि त्यात कागदाच्या पट्ट्या घाला. सुताराकडचा भुसा नको. तो चीड-देवदाराचा असेल तर त्याच्या वासाची द्रव्यं श्वासनलिकेला त्रास देतात, शिवाय धूळ असतेच. पाळीव उंदरांच्या फुप्फुसांत मायकोप्लाझ्मा हा जंतू बहुधा असतोच. धूळ, लघवीतला अमोनिया, डासांची कॉइल, अगरबत्ती यांनी तो डोकं वर काढतो. नाका-डोळ्यांभोवती लालसर डाग दिसले तर ते रक्त नसतं, पण त्रासाची खूण असते. तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

आणि तो एकटा आहे, हे मला सगळ्यांत जास्त खटकलं. उंदीर कळपानं जगणारा प्राणी आहे. त्याला एक नर जोडीदार आणा. मादी आणू नका : पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच गर्भ राहू शकतो आणि गर्भकाळ फक्त तीन आठवड्यांचा असतो.

चिपळूणचा सातवीतला विद्यार्थी : चाक कुठलं घेऊ? पिंजऱ्यात काय काय ठेवू? आजी म्हणते, पिंजरा पडवीत ठेव.

बाळा, चाक हॅमस्टरचं नको. त्यात उंदराची पाठ वाकडी होते. बुटक्या उंदरासाठी आठ ते दहा इंच व्यासाचं घे, आणि धावायची पट्टी सलग, बिनफटीची हवी. काड्यांच्या चाकात शेपूट अडकते. बाकी सामान तुझ्या घरातच आहे : घासून स्वच्छ केलेली करवंटी, आडवं ठेवलेलं छोटं मडकं, जाड सुती दोरी, जुन्या चादरीची झोळी. कापूस मात्र घालू नकोस, त्याचे धागे पायाला गुंडाळतात.

पडवीबद्दल आजीला माझ्या वतीनं नमस्कार करून सांग की तिथे रानटी उंदीर येतात आणि त्यांच्या लघवीतून लेप्टोचा आजार पसरतो. धामण, मांजर यांचीही भीती आहेच. घरात, भिंतीलगत, कमरेएवढ्या उंचीच्या टेबलावर पिंजरा ठेव. टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढणार नाहीत. आजीला ही युक्ती ठाऊक असेलच. पावसाळ्यात अंथरलेला कागद दमट लागला की लगेच बदल.

नागपूरहून : मे महिन्यात काय करावं?

तीस अंशांच्या वर उंदराचे हाल सुरू होतात. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो. कूलर खोलीत चालू ठेवा, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको. एक फरशी गार करून आत ठेवा, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवा आणि पाण्याच्या दोन बाटल्या लावा. उंदीर पसरून तोंडानं श्वास घेऊ लागला, तर शेपूट आणि पाय साध्या गार पाण्यानं ओले करा आणि तडक दवाखाना गाठा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

शेवटी सगळ्यांसाठीच : घरात उंदीर पळवायचं प्लगला लावायचं यंत्र असेल, तर ते आजच काढा. त्याचा आवाज आपल्याला येत नाही, पिंजऱ्यातल्याला दिवसरात्र येतो.