हलके फ्लायव्हील : किती हलके आणि कोणासाठी?

मित्रांनो, हॉस्टेलमध्ये गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "फ्लायव्हील लेथवर उतरवून घे बे, गाडी उडते पाय!" लोहारा एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना लेथ काही नवीन नाही. काम एका दुपारचे वाटते आणि खर्चही कमी. म्हणून हा सल्ला पटकन पटतो. पण फ्लायव्हीलमधले वजन कंपनीने उगीच ठेवलेले नसते. ते कुठून काढायचे, किती काढायचे आणि त्यासोबत क्लच कोणता बसवायचा, याचा हिशेब आधी वहीवर झाला पाहिजे. टीओएमच्या पेपरात फ्लायव्हीलचे गणित आपण सगळेच सोडवतो. आज तेच गणित गाडीला लावून पाहू.

फ्लायव्हील करते काय?

गावाकडे हाताची कडबा कुट्टी सर्वांनी पाहिली असेल. तिचे चाक मुद्दाम जड आणि मोठे असते. हाताचा जोर एका फेऱ्यात सारखा लागत नाही. पाते कडब्यात शिरते तेव्हा अडचण येते, पण चाकात साठलेली गती ते ओढून नेते. इंजिनातही तसेच आहे. चार स्ट्रोकपैकी एकच स्ट्रोक शक्ती देतो, बाकीचे तीन शक्ती खातात. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक पॉवर स्ट्रोक येतो. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात तो दर २४० अंशांना येतो. मधली दरी फ्लायव्हील भरून काढते. म्हणजेच सिलिंडर जितके कमी, तितकी फ्लायव्हीलची गरज जास्त. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त असल्याने तिथे ही गरज आणखी वाढते.

आता थोडे गणित

समजा, फ्लायव्हील ७ किलोचे आणि २६ सेंटिमीटर व्यासाचे आहे. साधी चकती धरली तर जडत्व आघूर्ण, म्हणजे आपले मोमेंट ऑफ इनर्शिया, साधारण ०.०५९ किलो-चौरस मीटर येते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ते चाक एकूण गुणोत्तर १४ आणि चाकाची त्रिज्या ०.२६ मीटर धरू. जडत्वाला गुणोत्तराच्या वर्गाने गुणा आणि चाकाच्या त्रिज्येच्या वर्गाने भागा. उत्तर येते जवळपास १७० किलो! म्हणजे पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना हे ७ किलोचे फ्लायव्हील गाडीत दोन-तीन माणसे जास्त बसल्यासारखे वाटते. टॉप गिअरमध्ये एकूण गुणोत्तर ४ धरले, तर हाच आकडा फक्त १४ किलो होतो.

आता त्यातले २ किलो काढू. ते कडेजवळून, १२ सेंटिमीटर त्रिज्येवरून काढले तर पहिल्या गिअरमध्ये सुमारे ८३ किलोचा फरक पडतो. तेच २ किलो मध्याजवळून, ५ सेंटिमीटरवरून काढले तर फरक जेमतेम १४-१५ किलोचा. त्यामुळे "किती किलो उतरवले?" हा प्रश्नच अपुरा आहे. "कुठून उतरवले?" हे विचारले पाहिजे.

या गणितातून दुसरी गोष्टही कळते. फायदा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दिसतो, टॉपमध्ये जवळपास नाहीसा होतो. आणि इंजिनाची शक्ती एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. इंजिन लवकर चढते आणि लवकर उतरते, एवढेच. वळणावळणाच्या ट्रॅकवर सतत गिअर बदलणाऱ्याला ते उपयोगी आहे. यवतमाळहून नागपूरला एका लयीत जाणाऱ्याला नाही.

काय गमावतो?

पहिले, आयडलिंग. गाडी उभी असताना थरथर वाढते, एसी लावला की इंजिन बसू पाहते. दुसरे, गाडी उचलताना क्लच जरा चुकला की इंजिन बंद. चढावर भरलेली गाडी उचलताना हे जास्त जाणवते. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फ्लायव्हील हे क्लचची उष्णता पिणारे भांडेही आहे. ७ किलोचे ५ किलो केले, तर तेवढ्याच उष्णतेने त्याचे तापमान सुमारे ४० टक्के जास्त चढते. घाटात हाफ क्लचवर गाडी धरणाऱ्याची क्लच प्लेट मग लवकर जळते.

बीड की पोलाद?

खरा धोका इथे आहे. बहुतेक साध्या गाड्यांचे फ्लायव्हील बीडाचे, म्हणजे ग्रे कास्ट आयर्नचे असते. २६ सेंटिमीटरच्या फ्लायव्हीलची कड ६००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ८२ मीटर, म्हणजे ताशी २९० किलोमीटरच्या पुढे पळते. पातळ कडे धरले तर घनता गुणिले वेगाचा वर्ग या सूत्राने त्यातला ताण सुमारे ४८ मेगापास्कल येतो. एफजी २०० प्रतीच्या बीडाची ताणशक्ती २०० मेगापास्कल असते. वाटते, भरपूर मोकळीक आहे. पण घाईत चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला आणि इंजिन ९००० ला गेले, तर ताण सव्वादोन पट होतो, १०८ मेगापास्कल. त्यात क्लचच्या उष्णतेने पडलेल्या बारीक चिरा, लेथच्या टूलने सोडलेला धारदार कोपरा आणि ओतकामातली एखादी पोकळी मिळवा. बीड वाकून इशारा देत नाही, ते एकदम फुटते. इंजिन उभे बसवलेल्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बेल हाउसिंग ड्रायव्हरच्या पायांजवळ असते, हे लक्षात ठेवा.

म्हणून नियम साधा आहे. बीडाचे मूळ फ्लायव्हील खोलवर उतरवू नका, त्याला भोके पाडू नका. हलके हवेच असेल तर घडीव किंवा अखंड पोलादातून तयार केलेले, त्याच इंजिनासाठीचे फ्लायव्हील घ्या. ड्युअल मास फ्लायव्हीलला लेथ लावायचाच नाही, त्याच्या आत स्प्रिंगा असतात. आणि क्रँक सेन्सरचे दाते फ्लायव्हीलवर असतील तर त्यांना धक्काही लागता कामा नये, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही.

जुळणारा क्लच

क्लचची क्षमता काढायला घर्षण गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, सरासरी त्रिज्या आणि दोन पृष्ठभाग यांचा गुणाकार करा. गुणांक ०.३, दाब ३००० न्यूटन आणि सरासरी त्रिज्या ७६ मिलिमीटर असेल, तर सुमारे १३७ न्यूटन-मीटर येतात. इंजिनचा टॉर्क ९० असेल तर दीडपट क्षमता झाली, ही ठीक आहे. उगाच दुप्पट-तिप्पट दाबाची प्लेट घेतली तर पेडल जड होते, केबल आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार येतो. सिरॅमिक बटणांची प्लेट ट्रॅकवर चांगली, पण हलक्या फ्लायव्हीलसोबत शहरात ती झटके देते. रोजच्या गाडीला ऑरगॅनिक लायनिंग आणि मध्ये डॅम्पर स्प्रिंगा असलेली प्लेटच बरी.

घेण्याआधी एवढे जुळवून पाहा: प्लेटचा व्यास, स्प्लाइनचे दाते, कव्हरच्या बोल्टची आणि डॉवेलची जागा, रिलीज बेअरिंगची उंची. फ्लायव्हीलला पायरी असेल आणि घर्षणाची बाजू घासली, तर कव्हर बसते ती बाजूही तेवढीच घासावी लागते. नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो.

बॅलन्सिंग आणि फिटिंग

१२ सेंटिमीटर त्रिज्येवर १० ग्रॅम जास्त राहिले तर ६००० आरपीएमला सुमारे ४७० न्यूटनचा धक्का बसतो. जणू ४८ किलोचे पोते क्रँकच्या टोकावर गरगर फिरते आहे. जी ६.३ श्रेणीनुसार ५ किलोच्या फ्लायव्हीलला ५० ग्रॅम-मिलिमीटरच चालतात, म्हणजे त्या त्रिज्येवर अर्धा ग्रॅमही नाही. हे हाताने जमत नाही. फ्लायव्हील आधी एकटे, मग प्रेशर प्लेटसह मशीनवर बॅलन्स करून दोघांवर खूण करून घ्या.

बसवताना क्रम असा:

१. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. इंजिनाला आधार द्या, मगच गिअरबॉक्स उतरवा.
२. क्रँकचे मागचे ऑइल सील पाझरत असेल तर आत्ताच बदला. लायनिंगवर तेलाचा थेंब पडला तर सगळी मेहनत वाया.
३. क्रँकचा फ्लँज स्वच्छ पुसा. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्या. ते समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. अंदाजाने नाही.
४. डायल गेज लावून रनआउट मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा.
५. क्लच प्लेट योग्य बाजूने धरा, अलाइनमेंट टूलने मध्यभागी ठेवा, मग कव्हर थोडे थोडे आवळा.
६. रिलीज बेअरिंग नवे टाका. स्प्लाइनला ग्रीस अगदी नावापुरते लावा.
७. पेडलचा फ्री प्ले जुळवा. सुरुवातीचे काही शे किलोमीटर गाडी सौम्य चालवा.

मग करावे की नाही?

स्पर्धेच्या किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टच्या गाडीसाठी जरूर करा, पण आधी आणि नंतर मोजा. दुसऱ्या गिअरमध्ये २० ते ५० किलोमीटर वेग गाठायला किती सेकंद लागले, हे बंद मैदानावर पाच-पाच वेळा घड्याळावर घ्या. "फील चांगला आहे" हे व्हायव्हामध्ये चालत नाही. घरच्या गाडीसाठी मात्र माझे उत्तर 'नको' असे आहे. तीच रक्कम चांगले टायर आणि ब्रेक यांवर घाला. शिवाय रस्त्यावरच्या गाडीत बदल करण्याला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत. म्हणून काही बदलण्याआधी आरटीओकडे विचारणे बरे.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी "उतरवून घे बे" म्हणाला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. बीड आहे की पोलाद? कोणत्या त्रिज्येवरून? बॅलन्स कुठे केले? तिन्हींची उत्तरे मिळाली तरच पाना हातात घ्या.