थांबताना येणारा ‘ठक्’

प्रश्न : पिकअप सिग्नलला थांबली, की क्षणभराने खालून ‘ठक्’ आवाज येतो. निघतानाही तसंच. दोन्ही क्रॉस नवे टाकले, तरी फरक नाही. गिअरबॉक्स गेला का?

उत्तर : बहुधा नाही. संशय आधी प्रोपेलर शाफ्टच्या स्लिप जॉइंटवर घ्यावा. भार पडला, खड्डा आला, की मागचा अ‍ॅक्सल वर-खाली होतो आणि शाफ्टची लांबी थोडी कमी-जास्त व्हावी लागते. त्यासाठीच आटे असलेली नळी (योक) शाफ्टच्या आट्यांवर सरकते. ग्रीस सुकलं, की ती अडकते. ब्रेकमुळे पिळलेले पाटे गाडी थांबल्यावर सैल होतात, आटे एकदम सुटतात, आणि आवाज येतो.

आटे साफ करायला शाफ्ट काढावा लागतो; पण तो काढला, की गिअरमध्ये उभी गाडीही घरंगळू शकते. म्हणून आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावायलाच हवेत! मग जोडावर रंगाची खूण करावी. एका आट्याचा फरक पडला, तरी शाफ्ट थरथरतो. घाईत हीच चूक फार होते.

आटे रॉकेलने धुऊन, पुसून, मॉलिब्डेनमचं ग्रीस पातळ लावावं. ठासून भरलं, तर शाफ्टला आत सरकायला जागा उरत नाही. निपल असेल, तर पुढे ग्रीसिंग नियमित ठेवावं.

धुतल्यावर आट्यांवर पायरी दिसली किंवा जोड हाताने पिळून खडखडला, तर ग्रीस पुरणार नाही. योक आणि शाफ्टची आटेवाली बाजू दोन्ही बदलावी. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल, तर मधल्या बेअरिंगचं रबरही त्याच वेळी तपासावं.