मोरचूद व लोखंडी बादली

लिंबावरील डिंक्या रोगास बोर्डो मिश्रण उपयोगी पडतें हें आपल्या वाचकांस सांगणें नको. परंतु तें कोणत्या भांड्यांत करावें याविषयीं आपण फारशी काळजी घेत नाहीं. प्रस्तुत लेखकास या हयगयीची किंमत मोजावी लागली, म्हणून हा लेख.

नोकरींतून मोकळा झाल्यावर परसांतील आठ लिंबांसाठीं मीं अर्धा किलो मोरचूद जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलींत रात्रभर भिजत ठेविला. सकाळीं पाहतों तों निळा रंग पुष्कळ फिका झालेला, आणि बादलीच्या आंतल्या अंगास तांबडा गाळ! तिसऱ्या खेपेस तर तळास भोंक पडलें. दुकानदारानें खोटा माल दिला असें समजून मी त्यास चार शब्द सुनावूनही आलों. तो बिचारा निर्दोष होता.

मोरचूद हा तांबें व गंधकाम्ल यांचा क्षार होय. पाण्यांत विरघळला म्हणजे त्यांतील तांब्याचे कण सुटे होतात, व प्रत्येक कणास दोन ऋण विद्युत्कणांची उणीव असते. जस्त व लोखंड हे धातु आपले विद्युत्कण तांब्याहून सहज सोडतात. म्हणून बादलीचा धातु ते देऊन स्वतः विरघळतो, आणि तांबें ते घेऊन भांड्यावर बसतें. ज्यानें जमाखर्च लिहिला आहे त्यास हें कळण्यास अडचण पडूं नये; एकाकडे जितके खर्च, तितकेच दुसऱ्याकडे जमा. एक किलो मोरचुदांत सुमारें २५४ ग्रॅम तांबें असतें. तें सर्व लोखंडावर बसल्यास सुमारें २२४ ग्रॅम लोखंड विरघळतें. मुलाम्याचें जस्त तर त्याआधींच जातें. म्हणजे बादली गेली ती गेलीच, पण औषधांतील तांबेंही गेलें.

चीनमध्यें ११ व्या शतकांत खाणींतील निळ्या पाण्यांत लोखंड टाकून याच रीतीनें तांबें काढीत. आमच्याकडे सुरजागडास लोखंडाचें व थानेवासन्यास तांब्याचें खनिज आहे, पण दोघांची अशी गांठ माझ्याच बादलींत पडावी!

हीच देवघेव तारेंतून होऊं दिली म्हणजे विजेचा प्रवाह मिळतो. व्होल्टानें १८०० सालीं जस्त, तांबें व खारें पाणी घेऊन असा प्रवाह मिळविला. मुलांस दाखवावयाचें तर एका लिंबांत जस्ताचा मुलामा दिलेला खिळा व तांब्याची तार एकमेकांस न लागतील अशीं खुपसून व्होल्टमापकास जोडावीं. काटा सुमारें एक व्होल्टाजवळ जातो.

आतां कृति. एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यांत व एक किलो कळीचा चुना ५० लिटर पाण्यांत, निरनिराळ्या मातीच्या, लाकडी किंवा प्लास्टिकच्या भांड्यांत करावा. दोन्ही पाणी तिसऱ्या भांड्यांत एकदम ओतीत ढवळावें. नंतर घासून स्वच्छ केलेली लोखंडी सुरी मिश्रणांत मिनिटभर बुडवावी. पात्यावर तांबडी झांक दिसली, तर तांबें अद्याप मोकळें आहे व पानें करपण्याचें भय आहे असें समजून चुन्याची निवळी थोडथोडी घालावी, व पातें पुन्हां घासून पाहावें. तें स्वच्छ निघालें म्हणजे गाळून त्याच दिवशीं फवारावें.