पाण्याखालील चित्रणासाठी लहान कॅमेऱ्याची जुळणी

जलाशयातील पिंजऱ्यात मासे वाढविणाऱ्यास जाळे कोठे फाटले हे वरून दिसत नाही. अशा वेळी पाण्याखालचे चित्रण उपयोगी पडते. त्यासाठी लहान कॅमेरा पुरेसा आहे. जुळणी मात्र काळजीपूर्वक करावयास हवी.

दर १० मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणून कॅमेरा जलरोधक पेटीत बसवावा व पेटीवरील खोलीची मर्यादा ओलांडू नये.

पेटीची सारी भिस्त झाकणाच्या रबरी कड्यावर असते. कडे स्वच्छ पुसून त्यास उत्पादकाने सांगितलेले वंगण अगदी पातळ लावावे. एखादा केस वा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरते. प्रथम रिकाम्या पेटीत कोरडा टिपकागद ठेवून ती अर्धा तास पाण्यात बुडवावी. कागद कोरडा राहिला तरच कॅमेरा आत ठेवावा.

नंतर पेटी दोन मुठींच्या पट्टीवर घट्ट बसवावी. पाणी तांबडा प्रकाश प्रथम शोषून घेते व चित्र हिरवट-निळसर येते. यास्तव दिवा हवा. चलच्चित्रासाठी तो अखंड जळणारा असावा. दिवे भिंगालगत लावल्यास गाळाचे कण चमकतात. म्हणून ते दोन्ही बाजूंस दूर, किंचित बाहेर वळवून लावावेत.

काम संपताच पेटी न उघडता गोड्या पाण्यात धुवावी व पूर्ण कोरडी झाल्यावरच उघडावी. चित्रणासाठी कोणीही एकट्याने पाण्यात उतरू नये. कॅमेऱ्याहून जीव मोलाचा होय.