चकाकीमागचे धुणे : पॉलिशच्या पॅडसाठी घरगुती द्रावण

मोटारीच्या रंगाला चकाकी आणून देण्याचा व्यवसाय थोड्या भांडवलात उभा राहू शकतो. विजेवर चालणारे एक पॉलिशयंत्र, दोन-तीन प्रकारचे पॅड, रबिंग कंपाउंड व पॉलिशच्या बाटल्या आणि पाण्याची सोय एवढे असले की गॅरेजच्या एका कोपऱ्यात किंवा वॉशिंग सेंटरला जोडून हे काम सुरू करता येते. यंत्र एकदाच घ्यावयाचे असते. पॅडचा खर्च मात्र पुनःपुन्हा येतो. वाळून कडक झालेले पॅड टाकून नवे आणणे महाग पडते आणि तेच कडक पॅड पुढच्या गाडीवर चालविणे त्याहून महाग पडते. पॅड धुण्यासाठी तयार द्रव बाजारात मिळतात. परंतु तेलकट मळ सोडविण्याचे जे काम ते करतात, ते भांडी धुण्याच्या साध्या द्रव साबणानेही चांगल्या प्रकारे साधते. तो कसा वापरावा हे मात्र समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम पॅडमध्ये साचते काय, ते पाहू. रबिंग कंपाउंड म्हणजे अत्यंत बारीक व कठीण भुकटी, बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची. ती तेल, पाणी आणि या दोहोंना एकजीव ठेवणारी द्रव्ये यांत कालविलेली असते. यंत्र फिरू लागले की रंगाच्या वरच्या थराचा कीस तिच्यात मिसळतो. पाणी उडून जाते. तेल, भुकटी आणि कीस पॅडच्या छिद्रांत राहतात. छिद्रे चोंदली की पॅड तापते, आणि त्यात वाळून बसलेले कण रंगावर बारीक वर्तुळाकार ओरखडे उठवितात. छपराखाली हे ओरखडे दिसत नाहीत. मालक गाडी उन्हात उभी करतो तेव्हा ते दिसतात, आणि गिऱ्हाईक तुटते ते तेथे.

ओरखडे पुन्हा घासून काढता येतात हे खरे. पण त्यालाही मर्यादा आहे. अलीकडच्या बहुतेक मोटारींच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून बहुधा कमीच असते. प्रत्येक घासणीत त्यातला थोडा अंश जातो व तो परत येत नाही. अस्वच्छ पॅडमुळे एकदा जास्त घासावे लागले, तर गाडीच्या रंगाचे आयुष्य तेवढे उणे झाले असे समजावे.

आता द्रावणाकडे वळू. येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी. साबण तेल सोडवितो. भुकटी विरघळविणारा साबण नाही. तेलाची पकड सुटल्यावर ती भुकटी बाहेर निघते ती वाहत्या पाण्याने आणि पॅड दाबून पिळण्याने. पुष्कळजण द्रावण अधिकाधिक कडक करीत जातात आणि खळबळण्यात मात्र काटकसर करतात. याच्या उलट करावयास हवे.

फोमच्या पॅडसाठी पाच लिटर कोमट पाणी घ्यावे. हात सुखाने बुडविता येईल इतकेच ते ऊन असावे. त्यात भांडी धुण्याचा द्रव साबण दोन मोठे चमचे आणि खाण्याचा सोडा एक मोठा चमचा घालून ढवळावे. सोडा सौम्य अल्कधर्मी असल्याने तेलकट मळ सुटण्यास थोडा हातभार लागतो. तो नसला तरी अडत नाही. पॅड या पाण्यात वीसेक मिनिटे बुडवून ठेवावे, नंतर तळव्याने दाबून सोडावे व पुन्हा दाबावे. एखादा भाग कडकच राहिला, तर त्यावर साबणाचे दोन थेंब तसेच टाकून मऊ ब्रशने हलके घासावे. मग पिळलेले पाणी नितळ दिसेपर्यंत स्वच्छ पाण्यात खळबळावे. कपडे धुण्याची वडी येथे उपयोगाची नाही. विहिरीचे वा बोअरचे पाणी जड असेल, तर वडीच्या साबणाची चिकट साय पॅडमध्येच बसते. द्रव साबणाचे तसे सहसा होत नाही.

लोकरीच्या पॅडची गोष्ट वेगळी. लोकर ही केसांप्रमाणेच प्रथिनांची बनलेली असते, आणि तीव्र अल्कली तिला खाते. म्हणून धुण्याचा सोडा तिच्याजवळ नेऊ नये. कढत पाणी व जोराची घासणी यांनी ती गोळा होऊन नमद्यासारखी घट्ट होते. शाली आणि रेशमी वस्त्रे ज्या रिठ्याने धुण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे, तोच रिठा येथे कामास येतो. बिया काढलेली मूठभर टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी दहा मिनिटे उकळून गाळावी, आणि हे पाणी चार लिटर कोमट पाण्यात मिसळावे. लोकर त्यात मऊ राहते. हा काढा दोन-तीन दिवसांत आंबू लागतो, तेव्हा लागेल तेवढाच करावा. आणि रिठ्याचे पाणी डोळ्यांत उडाल्यास फार झोंबते हेही विसरू नये.

गॅरेजमध्ये पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर हाताशी असते आणि पॅड त्यात बुचकळण्याचा मोह होतो. त्याने तेल निघते खरे, पण पॅडच्या पाठीचा चिकटपट्टा ज्या गोंदाने बसविलेला असतो तो गोंदही सैल होतो, फोम फुगतो, आणि ठिणगी उडणाऱ्या विजेच्या यंत्रावर असे पॅड चढविणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. ब्लीचिंगचे पाणी लोकर व फोम दोन्ही खराब करते. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याची एक घरगुती युक्ती सांगितली जाते. फेस भरपूर येतो. परंतु आम्ल आणि अल्कली एकमेकांना निकामी करून बसलेली असतात, पॅड होते तसेच राहते.

धुतलेले पॅड पिळवटू नये. दोन तळव्यांत दाबून पाणी काढावे. नंतर यंत्राला लावून रिकाम्या बादलीत अगदी मंद वेगाने क्षणभर फिरविल्यास उरलेले पाणी निथळते. वाळविताना घासण्याची बाजू खाली ठेवून जाळीवर, वाऱ्याच्या जागी, सावलीत ठेवावे, म्हणजे पाणी गोंदाकडे न जाता खाली उतरते. कडक उन्हाने फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. पूर्ण वाळलेले पॅड झाकणाच्या डब्यात ठेवावे. उघड्यावर टांगलेल्या स्वच्छ पॅडवर गॅरेजची धूळ बसली, तर सारे श्रम वाया गेले.

यापेक्षाही उपयुक्त अशी एक सवय आहे. गाडीचा एकेक भाग, म्हणजे एक दार किंवा बॉनेट, पुरा झाला की मंद फिरणाऱ्या पॅडवर मऊ ब्रश टेकवावा, किंवा कंप्रेसरची हवा मारावी. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा. ओला मळ क्षणात निघतो. रात्रभर वाळू दिलेल्या मळासाठी तासभर खर्ची पडतो.

धुण्यापूर्वी पॅडवर एक नजर जरूर टाकावी. पांढुरका मळ असेल तर तो क्लिअर कोटचा आणि कंपाउंडचा. गाडीचाच रंग पॅडवर उतरला असेल, तर गाडी जुन्या पद्धतीच्या, क्लिअर कोट नसलेल्या रंगाची आहे, किंवा तो थर घासून संपला आहे. दुसऱ्या शक्यतेत काम तत्काळ थांबविणे इष्ट.

धुण्याच्या पाण्यात तेल व रंगाचा कीस असतो, तेव्हा ते विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. बादलीत रात्रभर ठेवल्यास तळाशी गाळ बसतो. तो कागदावर काढून वाळवून कचऱ्यात द्यावा व वरचे पाणी सांडपाण्याच्या गटारात सोडावे.

कंपाउंडचे पॅड आणि शेवटच्या पॉलिशचे पॅड एका बादलीत धुऊ नयेत, कारण भरड कण मऊ पॅडमध्ये शिरतात. ज्या पॅडची कड फाटली, फोम बोटाने दाबल्यावर वर येईनासा झाला किंवा पाठीचा पट्टा सुटू लागला, ते धुऊन उपयोग नाही. असे पॅड हाताने चाके पुसण्यास चालते. पाठीवर रंगाने ठळक फुली मारून ते वेगळ्या खिळ्याला टांगावे, म्हणजे घाईच्या दिवशी ते चुकून यंत्रावर चढत नाही.